स्टोव्हच्या पोटातलं चामडं

"वहिनी, देवळातला मृदंग कशाचा असतो?"

"मृदंग माझ्या स्वयंपाकघरात वाजत नाही, भावजी."

"पण पहिल्या दिवसापासून हेच होतं त्याच्या आत. आपण सगळ्यांनी त्यावरचा भात खाल्लाय."

"तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना झालं ते देव बघेल. ठाऊक असून केलंत, ते मला बघायला हवं."

हे भांडण मी दाराआडून ऐकलं. साल त्रेपन्न, मार्गशीर्ष महिना. माझे हात कणकेनं भरलेले होते. बोलणाऱ्या होत्या माझ्या सासूबाई, त्यांना सगळं घर अक्का म्हणायचं, आणि त्यांच्यासमोर उभे होते त्यांचे धाकटे दीर विष्णूकाका. भांडण कशावरून? स्टोव्हमधल्या एका चकतीवरून. चार आण्याच्या आकाराची, काळी, वाटीसारखी चकती.

मग अक्कांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला ठाऊक होतं?"

मृदंगापर्यंत पोचलेल्या काकांचा आवाज इथं उतरला. त्यांना दाराखालून माझे पाय दिसत असावेत, कारण दार जमिनीपासून चांगलं वीतभर वर होतं. ते म्हणाले, "कोणाला नाही. मला एकट्याला."

हे खोटं होतं. काका खोटं बोलल्याचं मी आयुष्यात एवढंच एकदा ऐकलं आणि तेही माझ्यासाठी. मला सगळं ठाऊक होतं. मी फक्त दार लोटून बाहेर जायचं आणि तोंड उघडायचं होतं. मी हातांना कणीक आहे, दाराला लागेल, असं मनाशी म्हटलं आणि तिथंच उभी राहिले. कणकेचं निमित्त मला अजून पुरतंय.

काका कोण ते आधी सांगते.

विष्णूकाका म्हणजे आमच्या मामंजींचे धाकटे भाऊ. मामंजी गेले तेव्हा अक्का चोवीस वर्षांच्या होत्या आणि माझा नवरा चार वर्षांचा. काकांची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती, त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. भावाचं घर हेच आपलं घर म्हणून राहिले. उज्जैनच्या कार्तिक चौकात भाड्याच्या दोन खोल्या, मध्ये दालन, पुढे ओटला. पहाटे रामघाटावर स्नान, मग घरी येऊन देवाला नैवेद्य दाखवायचा तो काकांनीच, मग स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवण आणि दहाच्या ठोक्याला कोठीवरच्या कचेरीत. पायी. सायकल होती, पण ती ह्यांना शाळेत शिकवायला जाण्यासाठी ठेवलेली.

काका कारकून होते. कचेरीच्या दारावरचा फळा बदलत गेला. आधी ग्वाल्हेर दरबारचा होता, मग मध्य भारत झालं, त्याचा लागला. काका खाली त्याच टेबलाशी तेच कागद लिहीत बसायचे. मी विचारलं होतं, "काका, राज्य बदललं म्हणजे काय बदललं?" तर म्हणाले, "शाईची दौत तीच आहे. शिक्का नवा आहे, जरा जड आहे."

त्यांच्याकडे बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात खिळे, स्क्रू, कड्या, तुटक्या कुलपाच्या चाव्या. रस्त्यात काही पडलेलं दिसलं की वाकून उचलायचे. अक्का म्हणायच्या, "भावजी, अख्खं उज्जैन तुमच्या डब्यात यायचं राहिलंय." काका म्हणायचे, "कामाला येईल." आणि येतही असे, सात-आठ वर्षांनी का होईना.

मी एक्कावन्न साली लग्न होऊन आले, देवासजवळच्या खेड्यातून. सोळा वर्षांची, तिसरी पास. मला धुराचा त्रास होता. चुलीपुढे बसले की डोळे गळायचे आणि खोकला थांबायचा नाही. अक्कांना वाटे सूनबाईंची नाटकं. काकांना वाटे धूर. बावन्नच्या दिवाळीत काका एक पितळी स्टोव्ह घेऊन आले, काखेत धरून, लहान मूल आणावं तसं.

अक्कांनी तो तीन दिवस ओटल्यावर ठेवला. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "पितळ आहे ना? मग घासलं की शुद्ध." आणि स्टोव्ह सोवळ्यात आला. आमच्याकडे सोवळं कडक होतं. अक्का ओलेत्यानं यायच्या, सोवळं नेसायच्या आणि मग रांधून होईपर्यंत त्यांना कोणी शिवायचं नाही. कातडं तर लांबच, काकांना कमरेचा पट्टा ओटल्यावर काढून आत यावं लागे. अक्कांना दोष देत नाही. त्यांच्याकडे राज्य एवढं एकच होतं, आणि ते कोणी विलीन करायला आलं नव्हतं.

पुढल्या वर्षी आषाढी एकादशीच्या आधी घरातलं सगळं पितळ घासायला काढलं. चातुर्मास लागणार म्हणून. मला अक्कांची शाबासकी हवी होती. त्या वर्षभरात एकदाही मिळाली नव्हती. मी स्टोव्ह चिंच-राखेनं असा घासला की त्यात तोंड दिसावं. एवढ्यावर थांबले असते तर आज हे लिहायला काही नसतं. पण मला वाटलं, बाहेरून तर कोणीही घासेल. मी पंपाचं झाकण फिरवून उघडलं आणि दांडा ओढून बाहेर काढला. त्याच्या टोकाला ती काळी, तेलकट, घाणेरडी चकती. मला वाटलं मळ साचलाय. मी ती राखेनं घासली, तरी काळीच. मग कढत पाण्यात टाकली, वर रिठे घातले, चांगली उकळी आणली. फिकी झाली तशी मला आनंद झाला. मग ओटल्यावर उन्हात वाळत घातली, पापडासारखी.

संध्याकाळी बघते तर ती सुकून आवळकाठी झालेली. मी घाबरून तशीच दांड्याला लावली, दांडा आत घातला, झाकण फिरवलं. दुसऱ्या दिवशी अक्का पंप मारताहेत, मारताहेत, दांडा नुसता वरखाली. हवा भरेचना. स्टोव्हनं दोनदा उसासा टाकला आणि विझला.

अक्का म्हणाल्या, "काय झालं ह्याला?"

मी म्हटलं, "काय की. आपोआप बिघडला."

हे माझं पहिलं खोटं.

रात्रीच्या जेवणाआधी काकांनी स्टोव्ह उघडला, दांडा काढला आणि ती सुकलेली चकती तळहातावर घेतली. सगळे भोवती. हे आहे तरी काय, हे कोणालाच सांगता येईना. त्या काळी आमच्या गल्लीत स्टोव्ह दोनच, आणि दुसरा पोटमाळ्यावर बांधून ठेवलेला. अक्का लांबूनच म्हणाल्या, "उंदरानं आणलेला भाकरीचा पापुद्रा असेल." ह्यांनी हातात न घेताच सांगितलं, "रबर आहे. उन्हाळ्यात रबर असंच होतं." हे भूगोल शिकवायचे, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचं कारण ह्यांना हवामानात सापडे.

काकांनी डब्यातून एक रिकामी काड्यापेटी काढली, चकती तिच्यात ठेवली आणि खिशात घातली. त्यानंतर आठवडाभर ती काड्यापेटी उज्जैनभर फिरली. कचेरीतून सुटले की काका एकेका दुकानात जायचे. सायकलवाला म्हणाला, "ट्यूब का तो नहीं है." घड्याळजीनं डोळ्याला भिंग लावून खूप वेळ बघितलं आणि म्हणाला, "बाबूजी, क्या है ये तो नहीं मालूम, पर घड़ी का नहीं है." काका हे घरी येऊन सांगायचे तेव्हा अक्कासुद्धा हसायच्या. मी हसायचे नाही. मी चुलीपाशी खोकत असायचे आणि माझ्या मनात ती चकती उकळत असायची.

शेवटी देवास गेटजवळ माणिकलाल गॅसबत्तीवाला भेटला. लग्नाच्या वरातीत डोक्यावर घ्यायच्या बत्त्या तो भाड्यानं द्यायचा. बत्तीलाही असाच पंप असतो. त्यानं चकती घेतली, वास घेतला, जिभेच्या टोकावर ठेवली आणि थुंकला. म्हणाला, "चमड़ा है बाबूजी. पर इसे उबाला किसने? चमड़ा तेल पीता है, पानी नहीं."

काकांनी घरी येऊन हे सांगितलं नाही. सांगितलं एवढंच, की वायसर आहे, बदलावं लागेल. मग मी मोरीवर भांडी घासत असताना तिथं आले, हळू आवाजात विचारलं, "सूनबाई, ते कोणी उकळलं होतं का?"

मी मान वर न करता म्हटलं, "नाही."

"बरं," काका म्हणाले.

हे माझं दुसरं. त्यांना कळलं होतं, हे मला त्या 'बरं'वरून कळलं.

आधी काकांनी रबराचं करून बघितलं. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कात्रीनं गोल कापला, दांड्याला बसवला. स्टोव्ह भर्र पेटला. आठ दिवसांनी रबर घासलेट पिऊन पुरीसारखं फुगलं आणि दांडा आत अडकून बसला. दुसरं कापलं, तेही फुगलं. तिसऱ्याच्या वेळी काका पुन्हा मोरीशी आले. अक्का देवळात गेल्या होत्या.

"सूनबाई, ह्यात चामड्याचंच लागतं. पहिलंही चामड्याचंच होतं, आपल्याला ठाऊक नव्हतं. माणिकलाल करून देतो म्हणतो. वहिनींना सांगितलं तर स्टोव्ह जाईल आणि तू परत धुरात. न सांगता घातलं तर तुला ठाऊक असून त्यावर रांधावं लागेल. रांधणार तू. तू सांग."

एवढं मला त्या घरात कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "घाला. अक्कांना नका सांगू."

काकांनी चामड्याची चकती आणली, रात्रभर एरंडेलात बुडवून ठेवली. सकाळी बोटानं तिच्या कडा हळूहळू फाकवल्या, फुलाची पाकळी उलगडावी तशा. मग मला बसवून शिकवलं. वाटीचं तोंड खाली, दांडा सरळ ढकलायचा नाही, फिरवत फिरवत न्यायचा, नाही तर कड दुमडते. "आणि पाणी लागू देऊ नकोस," म्हणाले. ओरडून नाही, टोमणा मारून नाही. पण मी जमिनीत गेले.

स्टोव्ह असा चालला की विचारू नका. माझा खोकला गेला. श्रावण, भाद्रपद, दसरा, दिवाळी, सगळा नैवेद्य त्याच्यावर झाला. मी पुरण शिजवायचे आणि देवाकडे बघायचे नाही.

मार्गशीर्षात शेजारी लग्न निघालं. माणिकलाल बत्त्या ठरवायला आला. अक्का ओटल्यावर गहू निवडत होत्या, काका कचेरीतून येत होते. माणिकलालनं त्यांना बघून मोठ्यानं राम राम केला आणि तिथूनच विचारलं, "बाबूजी, वो चमड़े वाला वायसर कैसा चल रहा है? घर में भाभीजी खुश?" भला माणूस. आपल्या कामाची चौकशी करणाराच चांगला कारागीर.

अक्कांनी गव्हाचं सूप खाली ठेवलं. पुढचं भांडण मी सुरुवातीला सांगितलंच आहे.

त्याच दिवशी अक्का दुसऱ्यांदा नहाल्या, घरभर गोमूत्र शिंपडलं, मडकी फोडली. स्टोव्ह स्वयंपाकघरातून दालनात गेला. तिथं तो चहा-दुधापुरता राहिला, कारण अक्कांना चहा लवकर लागायचा आणि चूल पेटायला वेळ. आणि काकाही दालनात गेले. ओरडा नाही, आदळआपट नाही. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी त्यांचा पाट उंबऱ्याबाहेर मांडलेला होता, एवढंच. ताट आतून सरकवायचं. नैवेद्य ह्यांनी दाखवायचा. पाण्याच्या हंड्याला काकांनी हात लावायचा नाही, मागायचं.

ह्यांनी म्हटलं, "काका, अक्काची माफी मागून टाका ना. संपेल सगळं."

काका म्हणाले, "कशाची मागू? पुन्हा तेच घालीन की मी."

असे एकीकडे स्टोव्ह आणि एकीकडे काका, दोघं समोरासमोर दालनात बसायचे. दर अमावास्येला काका पंप उघडून चकतीला तेल द्यायचे. तीन-चार महिन्यांनी देवास गेटला जाऊन नवी आणायचे, काड्यापेटीत, एरंडेलात भिजलेली, आणि दालनातल्या कोनाड्यात ठेवायचे. दर वेळी मला हाक मारून सांगायचे, "सूनबाई, वायसर ठेवलंय. पाणी लागू देऊ नकोस." मी आतून "हो" म्हणायचे. चुलीपुढे बसून, डोळे गळत. त्या रडण्याला धुराचं नाव देता यायचं, तेवढी चुलीची मला सोय झाली.

तीन वर्षं. मी सांगायचं ठरवलं नाही असं नाही. दर चतुर्थीला ठरवायचे. एकदा काकांना ताट सरकवताना म्हटलंही, "काका, मी आज अक्कांना बोलते." ते म्हणाले, "दूध वर आलंय बघ." दूध खरंच वर आलं होतं. मी दूध उतरवलं आणि बोलणं राहूनच गेलं.

मला भीती होती की अक्का मला माहेरी धाडतील. मला मूल नव्हतं, वडील कर्जात होते. पंचावन्न साली मुलगा झाला. माझं घरातलं वजन एका रात्रीत वाढलं. मग भीती उरली नव्हती, तरी आणखी एक वर्ष मी गप्प राहिले. पहिली दोन वर्षं मी भ्याले म्हणून सांगता येईल. ह्या एका वर्षाला मला नाव सापडत नाही.

छप्पन्नच्या दिवाळीच्या सुमारास फळा दुसऱ्यांदा बदलला. मध्य भारत संपलं, मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ. काकांच्या कचेरीतली काही टेबलं तिकडे हलली, त्यात काकांचं. पन्नाशी उलटलेला माणूस, भोपाळला एका खोलीत एकटा राहणार. परत येईन म्हणाले होते, रजेत. तीन वर्षांनी त्यांच्या सोबतच्या कारकुनाचं पत्र आलं, त्यात ते गेल्याचं होतं. काका आमच्या घरात पुन्हा आले नाहीत.

ते निघायच्या आदल्या दिवशी अक्का त्यांच्यासाठी लोणच्याची बरणी बांधत होत्या. फडकं ताणून सुतळी गुंडाळत होत्या. मुलगा माझ्या मांडीवर होता. मी म्हटलं, "अक्का, मला ठाऊक होतं."

"काय?"

"वायसर चामड्याचं आहे ते. मला विचारूनच घातलं काकांनी. आणि पहिलं बिघडलं ते मी उकळलं म्हणून."

सुतळी थांबली नाही. एक फेर, दुसरा फेर.

"मी विचारलं तेव्हा तू कुठं होतीस?"

"दाराआड."

"ऐकलंस?"

"हो."

अक्कांनी गाठ मारली, दातांनी सुतळी तोडली. "तीन वर्षं तुझ्या हातचं जेवतेय मी. आता तुला उंबऱ्याबाहेर बसवलं तर रांधणार कोण?" त्या हसल्या नाहीत. मलाही ती शिक्षा वाटली नाही, आणि माफीही नाही. तो नुसता हिशेब होता, की काकांना बाहेर ठेवता आलं, मला ठेवता येत नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "भावजींचा पाट आत मांड."

मी मांडला. त्यांच्या जुन्या जागी, देवाच्या अंगाला. रांगोळी काढली. काका हातपाय धुऊन आले, उंबऱ्यापाशी थांबले, आत पाट बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"बोललीस वाटतं."

"हो, काका."

"कशाला? उद्या तर मी जाणार." एवढं म्हणून ते दालनात आपल्या रोजच्या जागी, भिंतीला टेकून, जमिनीवरच बसले. "वहिनी, इथंच वाढा. इथं सवय झाली आहे."

अक्का सोवळ्यात होत्या. हातात भाताचं पातेलं. तीन वर्षांत त्यांनी सोवळ्यानं तो उंबरा ओलांडला नव्हता. त्या दोन क्षण थांबल्या, मग पातेलं घेऊन बाहेर गेल्या आणि दालनात वाकून काकांना स्वतः वाढलं. वरण वाढलं, तूप वाढलं, पदर काकांच्या खांद्याला लागला. नंतर अक्का पुन्हा नहायला गेल्या, तो भाग वेगळा.

मी आत उभी होते, रांगोळी काढलेल्या रिकाम्या पाटाजवळ. मी बोलून टाकलं होतं आणि हलकं काही वाटत नव्हतं. बोलायची वेळ होती तेव्हा काकांना पाट हवा होता. आता पाट मला हवा होता, त्यांना बसवून माझं ओझं उतरवायला, आणि ते काही त्यावर बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी दुपारची होती. ट्रंक ओटल्यावर आणून ठेवली होती, वर लोणच्याची बरणी, बाजूला बिस्किटाचा डबा. ह्यांनी टांगा बोलवायला जायचं म्हटलं तर काका म्हणाले, "येताना मीच आणतो." पिशवी घेतली, घासलेटची बाटली घेतली आणि देवास गेटकडे गेले, रोजच्या चालीनं, डाव्या बाजूनं. तासाभरात टांग्यातून आले. बाटली भरलेली. दालनात येऊन त्यांनी स्टोव्हखालचं फडकं सारखं केलं, खिशातून काड्यापेटी काढली, उघडून तेल पुरेसं आहे ना बघितलं आणि कोनाड्यात ठेवली.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली, "वायसर ठेवलंय. पाणी लागू देऊ नकोस."

"हो," मी म्हटलं.